संधिगतवाताच्या थिसिसमधून शोधनिबंध : सिनॉप्सिसपासून गॅली प्रूफपर्यंत

थिसिस जमा झाला, व्हायवा आटोपली, आता त्यातून एक पेपर काढायचा, असा क्रम बहुतेक आयुर्वेद महाविद्यालयांत चालतो. जर्नलकडून नकार येतो तो मात्र बहुधा थिसिस सुरू होण्याआधी राहून गेलेल्या गोष्टींमुळे. नोंदणी पहिल्या रुग्णानंतर झालेली असते, औषधाचा नमुना ठेवलेला नसतो, रुग्णसंख्या कुठून आली याचा पत्ता नसतो. यातले काहीच लिहायला बसल्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून सुरुवात सिनॉप्सिसपासूनच, म्हणजे थिसिसच्या आधी सादर होणाऱ्या आराखड्यापासूनच, करायला हवी.

उदाहरण एकच घेऊ. गुडघ्याचा संधिगतवात (वातामुळे सांधा सुजून दुखणे), एका गटाला योगराज गुग्गुळ आणि महारास्नादि क्वाथ (काढा), दुसऱ्या गटाला नुसता योगराज गुग्गुळ, कालावधी आठ आठवडे. पंचकर्म, योग किंवा युनानीच्या अभ्यासात तपशील बदलतील, पण विचारले जाणारे प्रश्न हेच.

पहिला रुग्ण घेण्याआधी

क्रम असा ठेवा : आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी, मग सीटीआरआयवर नोंदणी, मग नोंदणी क्रमांक हातात आल्यावर पहिल्या रुग्णाची सही. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. ती २००७ साली सुरू झाली, आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालते आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते. एक रुग्ण जरी घेतला असेल तरी दार बंद. पीजीचा थिसिस आहे म्हणून सूट नाही. अर्जातच थिसिससाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडायचा.

अर्ज भरला की क्रमांक लगेच मिळत नाही. तपासनीस शंका विचारतात, मंजुरीपत्राची स्कॅन प्रत मागतात, समावेशनिकष अस्पष्ट असतील तर परत पाठवतात. यासाठी काही आठवडे हाताशी ठेवा आणि दर दोन दिवसांनी लॉगिन करून पाहा. ‘पेंडिंग’ दिसत असताना ओपीडीत रुग्ण भरती करण्याचा मोह अनेकांना होतो. पुढे संपादक नोंदणीची तारीख आणि पहिल्या रुग्णाची तारीख शेजारी ठेवून पाहतो, आणि पेपर तिथेच परत येतो.

नोंदणीत प्राथमिक परिणाममापन एकच लिहा. ‘वेदना, स्तब्धता, शोथ, संधिस्फुटन, चालण्याचे अंतर’ अशी पाच मापने प्राथमिक म्हणून टाकली की पाचांतले जे चांगले निघाले ते पुढे केले, असा संशय येतो आणि तो रास्तही असतो. आपल्या उदाहरणात आठव्या आठवड्यातली वेदना, ० ते १० सेंटिमीटरच्या व्हीएएस पट्टीवर (रुग्ण स्वतः खूण करतो ती), हे प्राथमिक. बाकी सगळे दुय्यम. गुडघ्यासाठी वोमॅक ही २४ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरली जाते, पण ती परवान्याने मिळते. परवाना न घेता वापरली तर प्रकाशनाच्या वेळी अडचण येऊ शकते. कूस ही प्रश्नावली मोफत आहे. कोणतीही घ्या, तिचा प्रमाणित मराठी अनुवाद उपलब्ध आहे का ते आधी पाहा. रुग्णासमोर बसून इंग्रजी प्रश्नाचा तोंडी मराठी अर्थ सांगितला तर ती प्रमाणित प्रश्नावली उरत नाही.

आता रुग्णसंख्या. ‘प्रत्येक गटात १५’ किंवा ‘प्रत्येक गटात ३०’ ही परंपरा आहे, गणित नव्हे. गणित असे : दोन गटांत निदान १.५ सेंटिमीटरचा फरक असेल तरच तो कामाचा मानायचा, वेदनेच्या मापाचे प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) साधारण २ सेंटिमीटर धरायचे, पाच टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता). सूत्रात घातले की २ × ७.८४ × ४ ÷ २.२५ (७.८४ सार्थकता आणि पॉवरवरून येतो, ४ आणि २.२५ हे २ आणि १.५ चे वर्ग), म्हणजे २७.९, म्हणजे दर गटात २८. आठ आठवड्यांत १५ टक्के रुग्ण सुटतील असे धरले तर २८ ला ०.८५ ने भागायचे, उत्तर ३३. एकूण ६६. हाच अभ्यास १५-१५ रुग्णांवर केला तर सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा लहान फरक पकडण्याची ताकदच त्यात नसते. हे चार ओळींचे गणित सिनॉप्सिसमध्ये आणि पेपरमध्ये जसेच्या तसे यावे, आणि प्रमाण विचलनाचा आकडा कोणत्या आधीच्या अभ्यासातून घेतला तेही.

गटवाटणी विषम-सम ओपीडी क्रमांकावर केली तर ती यादृच्छिक नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे केसपेपर काढतानाच कळते आणि नकळत सौम्य आजाराचे रुग्ण एका गटात जमतात. संगणकावर यादी काढा, तिच्यात ४ आणि ६ रुग्णांचे गठ्ठे मिसळून ठेवा, यादी विभागाबाहेरच्या कोणाकडे तरी द्या, आणि क्रमांक घातलेली, आरपार न दिसणारी, सीलबंद पाकिटे वापरा. पाकीट रुग्णाचे नाव वर लिहून मगच फोडायचे. क्वाथाचा प्लासिबो (तसाच भासणारा, पण औषध नसलेला) बनवणे अवघड, कारण चव आणि वास लपत नाही. रुग्णाला अंधारात ठेवता येत नसेल तर तसे मोकळेपणाने लिहा, पण वेदना मोजणारी व्यक्ती तरी वेगळी नेमा आणि तिला गट सांगू नका. दुसरा विद्यार्थी हे काम करू शकतो, खर्च शून्य.

औषध नेमके काय दिले

पारंपरिक औषधांच्या पेपरमधला सगळ्यात कच्चा भाग हाच असतो, आणि जर्नलसाठी पेपर तपासणारे परीक्षकही सगळ्यात जास्त इथेच खणतात.

२०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपरिमेंटल हेपॅटॉलॉजी’मध्ये मांडले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला तो वनस्पतीच्या ओळखीवरच : रुग्णांनी घेतली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती, की दिसायला तशीच असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा? बाजू कोणतीही घ्या, वाद ज्या मुद्द्यावर पेटला तो मुद्दा तुमच्या पेपरमध्ये बंद झालेला असला पाहिजे. औषध गुणकारी ठरवणाऱ्या पेपरलाही हाच नियम.

महारास्नादि क्वाथात रास्ना दोन भाग आणि बाकीची द्रव्ये एकेक भाग, असे ग्रंथकार शार्ङ्गधर सांगतो. म्हणजे सर्वांत मोठा वाटा रास्नेचा, आणि गोंधळही तिच्याच ओळखीत. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया (औषधांच्या मानकांचा सरकारी ग्रंथ) रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने घेते. दक्षिणेत अल्पिनिया गॅलँगाचे कंद रास्ना म्हणून चालतात, बंगालकडे व्हँडा या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळे. पान, कंद आणि मूळ, कुळेही तीन वेगळी. ‘रास्ना बाजारातून घेतली’ एवढ्यावर पेपर उभा राहत नाही. शंखपुष्पी, ब्राह्मी, दारुहळद यांचेही असेच आहे, आणि अशोकाच्या सालीत आसुपालवची साल मिसळण्याचा प्रकार तर जुनाच.

त्यामुळे प्रत्येक द्रव्यासाठी पुढची माहिती एका तक्त्यात भरा : संस्कृत नाव, मराठी नाव, पूर्ण शास्त्रीय नाव लेखकाच्या संक्षेपासह, कुळ, वापरलेला भाग, कोठून आणले, कोणत्या महिन्यात, आणि वजनाचे प्रमाण. गुग्गुळासाठी ‘कॉमिफोरा वायटी (अर्न.) भंडारी, बर्सरेसी, निर्यास’ असे लिहायचे. जुन्या थिसिसांत कॉमिफोरा मुकुल हे नाव सापडते, ते आता स्वीकृत नाही. नावे क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा आणि तपासल्याची तारीख लिहून ठेवा. ही वनस्पती रानात अतिसंकटग्रस्त गणली जाते, तेव्हा माल लागवडीचा की रानातला हेही विचारले जाऊ शकते. पावत्या जपा.

ओळख पटवून घेण्यासाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे. पान-फूल असलेला ताजा नमुना नेला तर व्हाउचर क्रमांक (नमुन्याचा नोंदक्रमांक) मिळतो. भरड किंवा चूर्ण घेऊन गेलात तर कोणीही खात्रीची सही देणार नाही. म्हणून दळण्याआधी न्यायचे. सुकलेली मुळे-साली असतील तर द्रव्यगुण किंवा फार्माकोग्नॉसीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकीय तपासणी करून घ्या. प्रत्येक बॅचचे शंभर-दोनशे ग्रॅम हवाबंद बरणीत, बॅच क्रमांकासह, पेपर छापून येईपर्यंत बाजूला ठेवा. परीक्षकाने दीड वर्षाने ‘एचपीटीएलसी (घटकांचा ठसा दाखवणारी रासायनिक चाचणी) करून दाखवा’ म्हटले तर हीच बरणी वाचवते.

तयार औषध कंपनीचे वापरले तर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख द्या. कंपनीचे विश्लेषणपत्र मागून घ्या. स्वतःच्या फार्मसीत बनवले तर किमान बाह्य पदार्थ, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क, ओलावा, आणि एचपीटीएलसीचा ठसा. जड धातूंची तपासणी वगळू नका. फार्माकोपियाच्या मर्यादा शिशासाठी १०, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ पीपीएम अशा आहेत. २००८ साली ‘जामा’मध्ये आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एकवीस टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. तेव्हापासून परदेशी परीक्षकाच्या मनात हा प्रश्न कायमचा बसलेला आहे.

आता कृती. ‘क्वाथ शास्त्रोक्त विधीने केला’ हे वाक्य काहीच सांगत नाही. शार्ङ्गधराचा पाठ एक पल भरड, सोळापट पाणी आणि अष्टमांश शेष असा आहे. व्यवहारात चतुर्थांश शेष ठेवणारेही खूप. २० ग्रॅम भरड आणि ३२० मिली पाणी घेतले तर पहिल्या पद्धतीने ४० मिली क्वाथ उरतो, दुसऱ्या पद्धतीने ८० मिली. तेच औषध, तीव्रता निराळी. तेव्हा लिहायचे ते असे :

‘भरड (जाळीचा क्रमांक अमुक) २० ग्रॅम, पिण्याचे पाणी ३२० मिली, उघड्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत, साधारण इतकी मिनिटे, सुती कापडाने गाळून, कोमट असताना, सकाळी उपाशीपोटी एकदा, रोज ताजा.’

रुग्ण घरी काढा करत असेल तर तेही लिहा, आणि ४० मिलीची खूण असलेले मापपात्र द्या. पल ४८ ग्रॅमचा (हे सरकारी परिमाण) धरला का ४० ग्रॅमचा, तेही एकदा स्पष्ट करा. गुग्गुळ कशात शुद्ध केला, त्रिफळा क्वाथात की आणखी कशात, किती वेळ, आणि शेवटी किती टक्के उरला, या तीन तपशिलांवाचून योगराज गुग्गुळाचे वर्णन अपुरे. अनुपान, पथ्य, आणि वेदना असह्य झाल्यास पॅरासिटामॉल घेण्याची मुभा होती का, किती गोळ्या घेतल्या गेल्या, हेही. ही शेवटची नोंद थिसिसमध्ये क्वचितच असते, आणि ती नसली की वेदना औषधाने कमी झाली की पॅरासिटामॉलने, हे ठरवता येत नाही.

बस्ती, अभ्यंग, जानुबस्ती असे उपक्रम असतील तर टायडर नावाची बारा मुद्द्यांची यादी शेजारी ठेवून लिहा : तेलाचे तापमान, मात्रा, किती मिनिटे, कोणी केले आणि त्याला किती अनुभव.

निदान दोन भाषांत

संधिगतवाताचे लक्षण चरकाच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे : वातपूर्णदृतिस्पर्श, शोथ, प्रसारण-आकुंचनाच्या वेळी वेदना. हे समावेशनिकषात यावे. त्याच्या जोडीला आधुनिक निकष हवा, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे निकष आणि क्ष-किरणावर केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी, ० ते ४ पैकी कोणत्या घेतल्या ते. ‘संधिगतवात म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस’ असे समीकरण मात्र सरळ मांडू नका. ‘दोन्ही निकष पूर्ण करणारे रुग्ण’ म्हणा. आमवात आणि वातरक्त कसे वगळले तेही सांगा.

संज्ञांसाठी आता आधार आहेत. आयुष मंत्रालयाचे नमस्ते पोर्टल रोगांना संकेतांक देते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आयुर्वेदाच्या संज्ञांचा प्रमाणकोश काढला, आणि आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ च्या सव्विसाव्या प्रकरणात, २०२५ पासून आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांचा विभाग आला. संकेतांक एकदा दिला की परदेशी वाचकाला धागा सापडतो.

संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिताना स्वरचिन्हांची एकच पद्धत ठेवा. एका पानावर एक रूप आणि पुढच्या पानावर दुसरे, हे थिसिसांत नेहमीचे. श्लोकाचा संदर्भ देताना स्थान, अध्याय आणि श्लोक एवढ्यावर थांबू नका, कारण श्लोकांक आवृत्तीगणिक एक-दोनने सरकतात. संपादक, टीका, प्रकाशक, वर्ष लिहा. पेपरमध्ये मूळ श्लोक एखादाच पुरे. साहित्यपरीक्षणाची चाळीस पाने ही थिसिसची गरज होती.

आकडे : जिथे चांगले अभ्यासही पडतात

लक्षणांना ० ते ३ अशी श्रेणी देऊन, त्यांची सरासरी काढून, पेअर्ड टी-टेस्ट लावून ‘६७ टक्के उपशम’ जाहीर करणे ही आपल्याकडची रूढी झाली आहे. श्रेणी हा क्रमवाचक डेटा. ३ आणि २ मधले अंतर १ आणि ० मधल्या अंतराइतकेच आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. गटांतर्गत तुलनेसाठी विल्कॉक्सन चाचणी, दोन गटांच्या तुलनेसाठी मान-व्हिटनी चाचणी, आणि मांडताना मध्यक व चतुर्थक. टक्केवारीतला उपशम काढून टाका.

त्याहून मोठी चूक वेगळी आहे. समजा अ गटात वेदना ६.८ वरून ३.९ वर आली आणि ब गटात ६.७ वरून ४.६ वर. दोन्हीकडे उपचाराआधी-नंतरची तुलना पी < ०.००१. थिसिसचा निष्कर्ष : ‘दोन्ही गटांत अत्यंत सार्थक फरक, अ गट श्रेष्ठ.’ पण अभ्यासाचा प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा होता. तो फरक २.९ वजा २.१, म्हणजे ०.८ सेंटिमीटर. दर गटात ३३ रुग्ण आणि प्रमाण विचलन २ धरले तर ९५ टक्के विश्वास-अंतर (खरा फरक ज्यात असावा तो पट्टा) साधारण उणे ०.२ ते १.८. शून्य त्याच्या आत आहे. म्हणजे क्वाथाने भर घातली असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. गुडघेदुखी नैसर्गिकपणेही चढते-उतरते आणि माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे वाढलेले असताना. त्यामुळे काही न देताही दोन महिन्यांनी सरासरी खाली येते. आधी-नंतरच्या तुलनेत हे सगळे औषधाच्या नावावर जमा होते.

असा निकाल आला तर तो तसाच लिहा. नकारात्मक निकालाचा नीट केलेला अभ्यास छापून येतो, सजवलेला सकारात्मक अभ्यास मात्र आकडेमोड तपासणाऱ्याच्या हाती अडकतो.

मध्येच सोडून गेलेल्यांना गाळून विश्लेषण करू नका. ज्याला ज्या गटात टाकले त्या गटातच धरा, आणि सुटलेल्या मोजमापांचे काय केले ते सांगा. पी = ०.००० असे काही नसते, पी < ०.००१ लिहा. सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती द्या. दुष्परिणामांचा परिच्छेद वगळू नका. ‘कोणतेही दुष्परिणाम आढळले नाहीत’ एवढेच वाक्य असेल तर लगेच प्रश्न येतो : शोधले कसे? दर भेटीला विचारले का, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आधी-नंतर केल्या का?

लिहिण्याचा क्रम

वरून खाली लिहू नका. आधी तक्ते आणि रुग्णप्रवाहाची आकृती, मग पद्धती, मग निकाल, मग चर्चा, मग प्रस्तावना, सगळ्यात शेवटी सारांश आणि शीर्षक. प्रवाहाच्या आकृतीत आकडे जुळले पाहिजेत : तपासले ११२, वगळले ४६ (कारणांसह), वाटले ६६, दर गटात ३३. ही बेरीज चुकलेली असणे हे लगेच परत येण्याचे साधेसे कारण असते.

चाचणीसाठी कन्सॉर्ट ही यादी, म्हणजे पेपरमध्ये काय काय सांगितले पाहिजे याची तपासयादी, लागते. तिची २०२५ ची नवी आवृत्ती ३० मुद्द्यांची आहे, आणि वनौषधींसाठी २००६ साली निघालेली पुरवणी वेगळी. त्या पुरवणीत औषधाच्या वर्णनाचेच सहा उपमुद्दे आहेत, जवळपास वर सांगितले तेच. रुग्णवृत्त असेल तर केअर, पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा २०२०, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, अॅक्युपंक्चरसाठी स्ट्रिक्टा. यादी पेपर लिहून झाल्यावर भरायची नसते. समोर ठेवून लिहायचे आणि प्रत्येक मुद्द्यासमोर पान क्रमांक टाकायचा.

प्रस्तावना चार परिच्छेदांत संपवा : आजाराचा भार, उपलब्ध उपचारांची मर्यादा, या औषधावर आधी काय झाले आहे, आणि काय राहिले म्हणून हा अभ्यास. ‘आयुर्वेद हे पाच हजार वर्षांचे शास्त्र आहे’ हे वाक्य खोडा. चर्चेत रस-वीर्य-विपाकाचे विवेचन जरूर यावे, पण ते संभाव्य स्पष्टीकरण म्हणून, निकालाचा पुरावा म्हणून नव्हे. एखाद्या घटकावर उंदरांत झालेले प्रयोग सांगताना मात्रेची तुलना करा. उंदराला दिलेली मात्रा माणसाच्या मात्रेच्या कितीतरी पट असते आणि परीक्षक हे लगेच पकडतात. मर्यादांचा परिच्छेद स्वतःहून लिहा : एकच केंद्र, रुग्णाला औषध माहीत, आठच आठवडे.

शीर्षकात अभ्यासाचा प्रकार यावा, ‘यादृच्छिक, निरीक्षक-अंध चाचणी’ असा. ‘क्लिनिकल इव्हॅल्युएशन ऑफ…’ ही थिसिसची भाषा तिथेच राहू द्या.

थिसिसमधले उतारे जसेच्या तसे उचलले तर साम्य तपासणारे सॉफ्टवेअर ओरडतेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडातून सुटते, पण जर्नलला त्याचे बंधन नाही. हा पेपर पदव्युत्तर प्रबंधावर आधारित आहे असे आवरणपत्रात आणि शीर्षकपानावर सांगून टाका. एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर जाहीर करा. एआयला लेखक करता येत नाही, आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकून उघडून पाहा, कारण अस्तित्वातच नसलेले संदर्भ तो बिनदिक्कत देतो.

लेखकांची नावे हा नाजूक विषय. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चारही अटी पुऱ्या करणाराच लेखक : संकल्पना किंवा डेटात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. विभागप्रमुख म्हणून नाव घालणे यात बसत नाही. त्यांचे नाव ऋणनिर्देशात येऊ शकते. हे गाईडशी बोलायचे ते पेपर पाठवण्याच्या आदल्या रात्री नव्हे, सिनॉप्सिसच्या वेळी.

जर्नल निवडताना

मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी बराच काळ आपल्याकडे प्रमाण होती. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. तरीही ‘यूजीसी-केअर मान्यताप्राप्त’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिराती थांबलेल्या नाहीत.

स्वतः तपासा. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक जुळतो का? स्कोपस या संशोधनसूचीच्या स्रोतयादीत नाव आहे का आणि समावेश अजून चालू आहे का? मुक्त प्रवेशाचे असेल तर अशा जर्नलांच्या डीओएजे सूचीमध्ये आहे का? पबमेडमध्ये दिसणे आणि मेडलाइनमध्ये असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेही पाहा. तीन दिवसांत स्वीकृती, फी आधी आणि परीक्षण नंतर, संपादकमंडळात पत्ता नसलेली नावे, कधी न ऐकलेल्या संस्थेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ : यातले एकही दिसले तर थांबा. खऱ्या जर्नलच्या नावाची हुबेहूब संकेतस्थळेही असतात. म्हणून दुवा ईमेलमधून न उघडता स्कोपस किंवा डीओएजेमधून उघडा.

आपल्या उदाहरणातल्या चाचणीसाठी ‘जर्नल ऑफ आयुर्वेदा अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’, जामनगरच्या संस्थेचे ‘आयु’, किंवा सीसीआरएएस या केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची नियतकालिके हे स्वाभाविक पर्याय. ‘बीएमसी कॉम्प्लिमेंटरी मेडिसिन अँड थेरपीज’ चालेल, पण तिथे प्रकाशनशुल्क मोठे, आधी आकडा पाहा. गावागावांतून गोळा केलेले वनौषधींचे ज्ञान असेल तर ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’. त्या प्रकारात माहिती देणाऱ्यांची पूर्वसंमती आणि जैवविविधता कायदा २००२ यांचा विचार लागतो. पेटंटचा बेत असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जायचे, आणि पेपर छापून आल्यावर नावीन्याचा दावा टिकत नाही हे लक्षात ठेवायचे.

निवडलेल्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांतले असेच चार-पाच पेपर वाचा. पंधरा-पंधरा रुग्णांची चाचणी तिथे एकही नसेल तर तुमचीही घेतली जाणार नाही.

पाठवणे आणि त्यानंतर

फाइली आधी तयार ठेवा : नावांसह शीर्षकपान, नावे काढलेली मुख्य प्रत, तक्ते संपादनक्षम स्वरूपात, आकृत्या किमान ३०० डीपीआय, भरलेली कन्सॉर्ट यादी, एथिक्स मंजुरीपत्र, सीटीआरआय क्रमांक, हितसंबंध आणि निधीची निवेदने, डेटा कुठे मिळेल त्याचे विधान. मुख्य प्रतीत महाविद्यालयाचे नाव पद्धती विभागात राहून जाते. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव असते. दोन्ही पुसा. सर्व लेखकांचे ईमेल चालू आहेत ना पाहा. एकाने पुष्टीचा दुवा उघडला नाही म्हणून पेपर महिनाभर लटकल्याचे प्रकार होतात. ओरकिड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक) प्रत्येकाने स्वतः काढायचा, दुसऱ्याने नव्हे.

एका वेळी एकाच जर्नलकडे. उत्तराला उशीर होतोय म्हणून दुसरीकडे टाकणे हा गैरव्यवहार गणला जातो. तीन महिने काहीच कळले नाही तर संपादकांना विनम्र दोन ओळी लिहा. पेपर मागे घ्यायचा असेल तर मागे घेतल्याची लेखी पोच आल्यावरच पुढे जा.

परीक्षकांचे अभिप्राय आले की दोन दिवस काही लिहू नका. मग प्रत्येक शेरा क्रमांक देऊन जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर, आणि बदललेल्या ओळीचा क्रमांक. ‘दुरुस्ती केली’ हे उत्तर नव्हे. काय बदलले ते वाक्य तिथेच द्या. शेरा पटत नसेल तर नाही म्हणता येते, कारणासह. ‘क्वाथाऐवजी एकच सक्रिय घटक का दिला नाही?’ हा प्रश्न आयुर्वेद न जाणणाऱ्या परीक्षकाकडून येतोच. त्यावर शास्त्राची महती सांगू नका. अभ्यासाचा प्रश्न पारंपरिक कल्पाच्या उपयोगाचा होता, घटकाच्या कार्यपद्धतीचा नव्हता, आणि कल्पाचे प्रमाणीकरण तक्ता अमुकमध्ये आहे, एवढे पुरे. ‘रुग्णसंख्या वाढवा’ असा शेरा असेल तर नवे रुग्ण जोडू नका. नोंदवलेला आराखडा मोडतो. मर्यादांत एक वाक्य वाढवा.

स्वीकृतीनंतर गॅली प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) येते आणि अनेकदा दोनच दिवसांत परत द्यायचे असते. संस्कृत शब्दांवरची स्वरचिन्हे छपाईत गळतात, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होते, शास्त्रीय नावांचे तिरके टाइप सरळ होतात, लेखकाचे आडनाव आणि नाव उलटते. हे चारही एकेक करून तपासा, तक्त्यातला प्रत्येक आकडा मूळ एक्सेलशी ताडा, आणि पेपर प्रसिद्ध झाला की सीटीआरआयच्या नोंदीत प्रकाशनाचा तपशील भरून टाका.